बियाण्यासाठी राखलेला

कात्री लागली होती हे त्याला आधी दिसलं. टोमॅटो नाही, हे मागून लक्षात आलं. खालून तिसरा घोस, भिंतीकडची बाजू. जुन्या पायमोज्याची झोळी जागच्या जागी लोंबत होती, रिकामी, आणि तिच्या वर देठाचं बोटभर खुंट, तिरकं कापलेलं. पांढरी फीत नव्हती. झोळीत काही नाही हे डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना त्यानं आत हात घातला, पार तळापर्यंत, आणि तळाशी चिमटीभर माती लागली तेव्हाच त्याचा विश्वास बसला. काळजात धस्स झालं असं लोक म्हणायचे तेव्हा त्याला ते नाटकी वाटायचं. आता मात्र छातीतलं काहीतरी खरोखर एक पायरी खाली उतरलं आणि तिथेच थांबलं. तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. सकाळचे सात वाजून गेले होते, पलीकडच्या रस्त्यावर दुधाची गाडी थांबून निघाली, आणि हा सत्तर वर्षांचा माणूस रिकाम्या मोज्यात हात घालून बसला होता.

हा टोमॅटो म्हणजे काही बाजारातला टोमॅटो नव्हे. गुलाबी, चपटा, कडेला खोल खाचा, आणि आकार असा की एका फळाची एक चकती कापली तर ताटली भरते. आईनं तो लावला, आईला कुणी दिला ते कुणाला ठाऊक नाही. त्याला पुडीवर छापलेलं नाव नाही. घरात त्याला नुसतं ‘मोठा’ म्हणत. दरवर्षी मोसमातलं एक चांगलं फळ निवडायचं, त्याच्या देठाला पांढरी फीत बांधायची, आणि एकदा फीत बांधली की त्याला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. ते पिकतं, मऊ पडतं, सुरकुतायला लागतं, जीव तुटतो, तरी नाही. मग ते कापायचं, बी आणि गर पेल्यात काढून तीन दिवस आंबू द्यायचा, वर साय धरली की धुवायचं आणि ताटलीत वाळवायचं. पुढच्या वर्षीचा मोठा त्यातून यायचा. अशी साठ-पासष्ट वर्षं गेली. यंदा मात्र उन्हाळ्यानं घात केला. अकरा झाडांची फुलं कळ्यांतच गळाली. एकच फूल टिकलं, तेही जोडफूल, दोन फुलं एकमेकांत मिसळून आलेलं. तसल्या फुलातूनच राक्षसी फळ धरतं. त्यानं ते रोज सकाळी चमच्याच्या मागच्या बाजूनं हळूच हलवलं होतं, पराग पडावा म्हणून. डबीतलं जुनं बी त्यानं झाडून सगळं पेरलं होतं, एकसुद्धा शिल्लक नव्हतं. म्हणजे आईपासून चालत आलेला सगळा वंश त्या एका मोज्याच्या झोळीत होता, आणि झोळी रिकामी होती.

काल संध्याकाळी तो होता. याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. काल पाणी घालून झाल्यावर त्यानं झोळीखाली तळहात धरला होता, वजन तोललं होतं, आणि अकराशे ग्रॅमच्या पुढे, साडेअकराशेच्या आत, असं मनाशी म्हटलं होतं. त्याच्या तळहाताचं असं वजन सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या काट्याचं सांगणं. छत्तीस वर्षं तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, मखमलीच्या पेटीतून पितळी वजनं काढायची, तीही चिमट्यानं, कारण बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं. कचेरीत त्याला ‘मिलिग्रॅम’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आपल्याविरुद्ध कुणी चहाची पैज लावत नाही, आपल्याशी कुणी वाद घालत नाही, हे त्याला मोठं सुख वाटे. तर काल संध्याकाळी तो होता, आणि आज देठ कापलेला. त्यानं चष्मा सरकवून खुंट जवळून पाहिलं. कापलेली जागा वाळली होती. कडा तपकिरी, मध्ये खळगा पडलेला. रात्रीत कापलेला देठ हिरवा असतो, ओलसर असतो, बोटाला चिकटतो. हे खुंट पाच-सहा दिवसांचं असावं. तो त्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग ऊन फार आहे, वाळलं असेल लवकर, असं म्हणून त्यानं तो विचार बाजूला ठेवला. असं बाजूला ठेवणं त्यानं कुठल्या दुकानदाराचं कधी खपवून घेतलं नसतं.

कुंपणापलीकडे शेजारचा चष्मेवाला कुंड्यांना पाणी घालत होता. आयुष्यभर लोकांचे नंबर तपासून आता घरी बसलेला सज्जन माणूस. हा इकडून कुंपणापाशी गेला आणि नुसतं “अहो,” म्हणाला, तर त्यानं झारी खाली ठेवली आणि शांतपणे सांगून टाकलं, “नाही, मी कुणाला बघितलं नाही. कुंपणाला भोक नाही, माझ्याकडून तरी. आणि मांजर टोमॅटो खात नाही, माझी तर नाहीच.”

“मी अजून काही विचारलंच नाही तुम्हाला.”

चष्मेवाला एकदम गोरामोरा झाला. “तसं नव्हे. तुमचा चेहरा बघितला म्हणून आपलं. चहा घ्यायला येता का? या की. बसू जरा.”

न विचारता उत्तरं देणारे दुकानदार त्यानं पुष्कळ पाहिले होते. काट्याला हात लावायच्या आधीच ‘साहेब, मागच्याच महिन्यात दुरुस्त केलाय’ म्हणणारे. त्यांच्याकडे हमखास काहीतरी सापडायचं. पण चष्मेवाल्याच्या डोळ्यांत चोरी नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्याला चोरीपेक्षा जास्त खटकलं. ती कीव होती. टोमॅटोसाठी कुणी इतकी कीव करतं? चहा नको म्हणून तो घराकडे वळला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोचेपर्यंत त्याला सगळं कळून चुकलं होतं. ताई. ताईशिवाय घरात होतंच कोण.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे राहायला आली. नवरा गेलेला, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकटीनं किती दिवस काढायचे, म्हणून त्यानं तिला घेतलं. निदान त्याला तसं आठवत होतं. आणि ती आल्यापासून घरात गोष्टी व्हायला लागल्या. एकदा बागेतला नळ दिवसभर चालू राहिला आणि रोपांचा वाफा वाहून गेला. त्याचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. इस्त्रीनं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर बदामी त्रिकोण उठवला, आणि एका दुपारी सूपमध्ये मीठ इतकं होतं की दोघांनी चमचे खाली ठेवले आणि एकमेकांकडे पाहिलं. दर वेळी त्यानं विचारलं, दर वेळी ती म्हणाली, “असेल बाबा. माझ्याच हातून झालं असेल.” तिला आठवतच नसे. बिचारी कबूल करायची, पण कशाची कबुली देतोय हे तिला कळत नसे, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून दिसे. त्याला वाईट वाटे. त्याहून जास्त भीती वाटे, कारण उद्या गॅस उघडा राहिला तर? म्हणून त्यानं भाच्याला फोन केला होता. टेकडीवर म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, डॉक्टर असतो, बाग आहे. तिला तिथे ठेवू या, असं समजावून सांगितलं होतं. भाचा फोनवर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बरं मामा. रविवारी चारला गाडी घेऊन येतो. दोघंही तयार राहा.” आज रविवार. आज चार वाजता ताई जाणार होती. आणि आजच तिनं मोठा कापला होता. त्याच्या मनात, आतल्या एका कोपऱ्यात, सुटल्यासारखं झालं. आता निर्णय बरोबर होता हे सिद्ध झालं. मग त्या सुटकेची त्याला लाज वाटली.

ताई ओट्याशी उभी राहून पावाला लोणी लावत होती.

“ताई, फितीचा टोमॅटो कुठे आहे?”

तिची पाठ त्याच्याकडे होती. सुरी थांबली. “नाही का झाडावर?”

“नाही. कात्रीनं कापलाय. कुणी, काय, कधी, मी विचारत नाही. नुसतं बी कुठे टाकलंस ते सांग. कचऱ्यात असलं तरी चालेल, मी शोधतो. यंदा दुसरं फळ नाही, ताई. डबी रिकामी आहे. हे गेलं म्हणजे गेलं, कळतंय का तुला? आईचा गेला.”

ती वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि मग तेच, नेहमीचं. “असेल रे. माझ्याच हातून झालं असेल. खाऊन घे आधी.”

“फीत बांधलेली होती! तुला माहीत आहे फितीचा अर्थ. आईनं तुला माझ्याआधी शिकवलाय.”

“हो,” ताई म्हणाली. “शिकवलाय.” आणि तिनं पावाची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

तो टेबलाशी बसला आणि त्यानं पाव खाल्ला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. ओरडायचं ते ओरडून झालं होतं. ताई त्याच्या समोर बसून स्वतःचा चहा फुंकत होती, तोच तिचा फुंकण्याचा आवाज, लहानपणापासूनचा. ही बाई एकेकाळी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानावर यंत्र, पुढ्यात शेकडो भोकं, आणि शहरातले अर्धेअधिक नंबर तोंडपाठ. तो तेव्हा शिकत होता. वसतिगृहाच्या खालच्या फोनवरून कधीमधी चौकशीचा नंबर फिरवायचा, नुसता तिचा आवाज ऐकायला. “कोणता नंबर हवाय आपल्याला?” ती विचारायची, अगदी परक्यासारखी. तो घरचाच नंबर सांगायचा, ती जोडून द्यायची, आणि मध्येच एक क्षण तिच्या श्वासावरून त्याला कळायचं की तिनं ओळखलंय आणि ती हसतेय. त्या डोक्यातून आता नळ, इस्त्री, मीठ, फीत असं एकेक गळत चाललं होतं. माणूस कसा रिकामा होत जातो, त्याला वाटलं. तो पाणी प्यायला. तिच्या सामानाची बॅग अजून कपाटावरच होती. तिनं भरायला घेतली नव्हती. तेही ती विसरली असणार. त्यानं आठवण करून दिली नाही. आज तरी ओरडायला नको होतं असं त्याला फार वाटलं.

कचऱ्याच्या डब्यात बी नव्हतं. त्यानं तो बागेत नेऊन वर्तमानपत्रावर रिता केला, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, पावाची कागदी पिशवी, सगळं काडीनं पसरून बघितलं. मग तो अवजारांच्या खोलीत गेला. खोली म्हणजे बागेच्या टोकाला असलेली पत्र्याची छपरी, एक खिडकी, एक फळी. कात्री खिळ्याला टांगलेली असते. ताईनं ती कापून झाल्यावर नीट टांगली की कुठे फेकली, पात्याला रस तसाच आहे का, एवढं त्याला बघायचं होतं. चारला भाचा आला की सांगताना हातात काहीतरी असावं. कात्री खिळ्यालाच होती. पाती पुसलेली होती आणि त्यांना तेलाचं बोट फिरवलेलं होतं. ताईनं आयुष्यात कधी कात्रीला तेल लावलं नव्हतं. लोखंडाला तेल लावणं हे त्याचं काम, त्याची सवय, खात्यातून आलेली. कात्री हातात धरून तो उभा राहिला आणि त्याची नजर वर गेली, फळीवर, खिडकीपासून लांब, जिथे ऊन येत नाही. तिथे पाणी भरलेल्या परातीत एक उलटी वाटी होती आणि वाटीवर पांढरी ताटली. मुंग्यांनी चढू नये म्हणून तो दरवर्षी करतो तसंच. ताटलीवर पातळ फडकं टाकलेलं.

त्यानं फडकं उचललं. बी होतं. करड्या लवेचं, चपटं, एकमेकांपासून सुटं केलेलं, दीडशे तरी दाणे. कडेला दुमडलेली पांढरी फीत, धुऊन वाळवलेली, आणि तिच्याखाली चिठ्ठी. ‘मोठा. १ किलो १४० ग्रॅम. सोमवारी सकाळी कापला. गुरुवारी धुतला. शनिवारी हलवला, अजून ओलसर.’ चाराच्या आकड्याचं पोट उघडं ठेवायची पद्धत. शून्याला मध्ये आडवी रेघ, कारण एकदा कुणीतरी शून्याचा सहा केला होता तेव्हापासून त्यानं ती रेघ कधी चुकवली नव्हती. अक्षर त्याचं होतं. कुणीही उठून करेल अशी ती नक्कल नव्हती. पेन्सिलही त्याचीच, कानामागे असते ती. त्यानं हात वर नेला. पेन्सिल कानामागे होती.

आधी त्याला काहीच वाटलं नाही. नुसता कानात एक बारीक आवाज सुरू झाला, दूर कुठेतरी यंत्र चालावं तसा. मग त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली, एकेक शब्द बोटानं धरून. सोमवार. सोमवारी तो इथे आला होता, ही कात्री घेतली होती, झोळीखाली हात धरून देठ कापला होता, फळ काट्यावर ठेवलं होतं, चाळीस ग्रॅम की पन्नास म्हणून डोळे बारीक केले होते, कापलं होतं. तो वास, तो लाल चिखल पेल्यात पडतानाचा आवाज. यातलं काहीच त्याच्यापाशी नव्हतं. त्यानं ते सगळं आत शोधलं, जिथे गोष्टी असतात तिथे, आणि तिथे भिंत होती, स्वच्छ, पुसलेली. एक वेळ फळ कापून विसरला असता तर गोष्ट वेगळी. हे चार-सहा दिवसांचं काम होतं. तो पुन्हा पुन्हा इथे आला होता. साय धरली का ते बघितलं होतं, वास घेतला होता, धुतलं होतं, आणि शनिवारी बी हलवलं होतं. शनिवार म्हणजे काल. काल तो इथे उभा राहून या बियांत बोट फिरवत होता आणि काल संध्याकाळी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, हे फळ त्याच्या तळहातावर होतं, अकराशेच्या पुढे. मग ती कुठली संध्याकाळ? कुठल्या आठवड्याची? उलट्या बादलीवर तो कसाबसा टेकला. आपल्याच घरात, आपल्याच हातांनी, आपल्या जागी दुसरं कुणीतरी काम करून जातंय आणि अगदी उत्तम करून जातंय, कात्रीला तेलसुद्धा लावून जातंय, असं त्याच्या मनात आलं. त्यानं बोटं नाकाशी नेली. टोमॅटोच्या पानांचा हिरवट, कडवट वास होता. तो आजचा की कालचा हे बोटांवरून कळेना.

आणि मग बाकीचं एकामागून एक यायला लागलं. त्याला थांबवता येईना. बागेतला नळ. बागेत ताई कधी जाते? तिचे गुडघे दुखतात, ती पायरी उतरत नाही. चष्मा त्याचा होता, तो पिठाच्या डब्यात ताई का ठेवील? सदरा त्याचा, आणि आपल्या सदऱ्यांना तो कुणाला हात लावू देत नाही. सूप कुणी केलं होतं? सूप त्यानंच केलं होतं. तिला सर्दी होती म्हणून. “असेल, माझ्याच हातून.” त्याला एकदम बाजारपेठेतलं एक किराणा दुकान आठवलं. वीस-बावीस वर्षं झाली. दुकानदाराचा काटा सात ग्रॅमनं हलका निघाला होता. तो गयावया करत होता, साहेब, काटा बरोबर आहे, कालच तपासलाय, आणि यानं त्याचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, काट्याला सील ठोकलं, भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. महिन्याभरानं खात्याची वजनं प्रयोगशाळेत गेली तेव्हा कळलं की याच्या पेटीतल्या अर्ध्या किलोच्या वजनाच्या बुडाचा टवका उडाला होता. काटा बरोबर होता. वजन खोटं होतं. तेव्हाही असाच कानात आवाज आला होता. ज्यानं सगळं मोजायचं तेच चुकलं असेल तर मग आजवर मोजलेल्याचं काय? तो त्याच दिवशी दुकानदाराकडे गेला होता, सरळ माफी मागितली होती. दुकानदारानं खुर्ची दिली, “होतं साहेब,” म्हणाला, आणि ते त्याला शिवीपेक्षा लागलं होतं. पण वजन बदलून मिळालं होतं. पेटीत नवीन आलं होतं, कागदात गुंडाळलेलं, झळझळीत.

तो उठला. चिठ्ठी त्यानं खिशात घातली नाही, होती तिथे ठेवली, कारण ती बियांची होती. घड्याळात साडेतीन झाले होते. सकाळपासून साडेतीन कसे वाजले हे त्यानं स्वतःला विचारलं नाही, विचारायचं धाडस झालं नाही. चारच्या आत ताईला सांगायचं, एवढं एकच त्यानं डोक्यात घट्ट धरलं आणि बागेतून जाताना ओठ हलवत तेच म्हणत राहिला. मी कापला. तू नाही. मी कापला. चष्मेवाला कुंपणापलीकडून बघत होता. यानं मान वर केली नाही.

ताई टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. तिनं बाहेर जायचे कपडे घातले होते.

“ताई, टोमॅटो मी कापला.”

“हो,” ताई म्हणाली.

“ऐकून घे. तू नाही. मी. सोमवारी. बी तिकडे वाळत घातलंय, चिठ्ठी आहे, माझ्या अक्षरात, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. एक शब्दसुद्धा नाही. ताई, मला फार भीती वाटतेय.”

“बस आधी. पाणी पी.”

तो बसला. पाणी प्यायला नाही. भराभरा सांगत सुटला, नळाचं, चष्म्याचं, इस्त्रीचं, सूपचं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. “आणि मी तुला घालवायला निघालो होतो. तुला! तुझं डोकं चाळणी झालंय असं मी तुझ्या मुलाला सांगितलं. मला क्षमा कर. मी आत्ता त्याला फोन करतो, येऊ नको म्हणून सांगतो. तू कुठे जायचं नाहीस.” ताईच्या अंगठ्याखाली शेंग फुटली, दाणे वाडग्यात पडले. ती ऐकत होती. मान हलवत होती. योग्य तिथे “हं” म्हणत होती. तिच्या शांतपणाचा त्याला अशा वेळीही राग आला. एवढं मोठं आपण सांगतोय, जमीन हललीय इथे, आणि ही बाई वाटाणे सोलतेय.

“तुला काहीच कसं वाटत नाही? तुला धक्का नाही बसला?”

ताईनं वाडगा बाजूला ठेवला.

“पहिल्या वेळी बसला होता,” ती म्हणाली.

त्याला ते वाक्य कळायला वेळ लागला. ते समोर होतं, सरळ होतं, पण आत शिरत नव्हतं.

“मंगळवारी सांगितलंस,” ताई म्हणाली, हळू, कुणाला नंबर उतरवून देतात तशी. “याच खुर्चीत बसून. मग गुरुवारी, बी धुऊन आलास तेव्हा. हात ओले होते तुझे. काल सांगितलंस तेव्हा फार रडलास. आज चौथ्यांदा.”

“आणि मध्ये?”

“मध्ये सकाळी येऊन विचारतोस, टोमॅटो कुठाय.”

“मग तू का म्हणतेस, माझ्याच हातून म्हणून? इतकी वर्षं?”

“दोनच वर्षं. नाही म्हटलं की तू दिवसभर जेवत नाहीस.”

तिची बॅग कपाटावर होती हे त्याला आता वेगळं दिसलं, आणि चष्मेवाल्याचा चेहरा, आणि भाच्याचं फोनवरचं गप्प राहणं. “गाडी माझ्यासाठी येतेय,” तो म्हणाला.

“दोघांसाठी. मी टेकडीवरच्या घरात दोन पलंगांची खोली सांगितलीय. आज नुसती बघून यायची. तुला नाही आवडली तर परत येऊ.”

“हेही तू मला आधी सांगितलंयस?”

“दोनदा. एकदा चिडलास. काल म्हणालास, खिडकी बागेच्या बाजूला असेल तर बघ.”

हे ऐकून त्याला हसू आलं, खरंखुरं, आणि त्या हसण्यातच ताईनं टेबलावरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं, घट्ट, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तसं. तिचे डोळे भरले होते. त्यानं ते आज पहिल्यांदा पाहिलं, निदान त्याच्या हिशेबानं पहिल्यांदा. “मला गाडीत पुन्हा सांगशील?” त्यानं विचारलं. “सगळं. मंगळवारपासून.”

“सांगेन की.”

बेल वाजली. ताई गुडघ्यावर हात देत उठली आणि आत केस नीट करायला गेली. त्यानं दार उघडलं, भाच्याला आत घेतलं आणि बूट घालायला खुर्चीवर बसला. मंगळवार, गुरुवार, काल, आज; तो मनात म्हणत होता, डाव्या बुटाची नाडी ओढताना म्हणत होता, दोन पलंग, खिडकी बागेकडे, मंगळवार, गुरुवार. भाचा दाराशी किल्ल्या हातात घेऊन उभा होता. उजव्या बुटाची नाडी गुंतली होती. ती सोडवायला वेळ लागला. नखानं गाठ सैल करावी लागली, मग दोन्ही टोकं सारखी करून पुन्हा नीट बांधावी लागली. ते झाल्यावर त्यानं मान वर केली, आतल्या खोलीकडे एक नजर टाकली, आणि ताईच्या कानावर जाऊ नये अशा बेतानं भाच्याला जवळ बोलावलं.

“तिला नीट समजावलंयस ना रे?” तो म्हणाला. “आज सकाळी तिनं फितीचा टोमॅटो कापला.”

“हो मामा,” भाचा म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला.